लेकीला आधी कान्हेरी दाखवा, मग महाड

गेल्या गणपतीतली गोष्ट. आमच्या बाळकुमच्या सोसायटीत खाली मंडप पडला होता. नऊ वर्षांची आमची लेक खेळून वर आली आणि दारातच तिने विचारले, "पप्पा, आपल्या घरी गणपती का नाही? माझ्या मैत्रिणीची आई विचारत होती, मग तुम्ही कोण?" आम्ही म्हणालो, "आपण बौद्ध." लेक म्हणाली, "ते मला माहीत आहे. पण का?"

त्या 'पण का'चे उत्तर द्यायला आम्हाला चार महिने लागले. चौदा एप्रिलला स्टेजवर उभे राहून तासभर बोलणारे आम्ही, स्वतःच्या लेकीसमोर गप्प झालो. हे कबूल करायला लाज वाटते. पण आमच्यासारखे कितीतरी समाजबांधव आज टॉवरमध्ये राहतात, मुलांना इंग्रजी शाळेत घालतात आणि याच प्रश्नापाशी गप्प होतात, म्हणून ते इथे लिहीत आहोत.

घरात तीन मते होती. आईचे, म्हणजे लेकीच्या आजीचे म्हणणे, "सांगून टाक सगळं. आम्हाला कोणी वय विचारलं नव्हतं." लेकीच्या आईचे म्हणणे उलट. ती म्हणाली, "एवढ्यात कशाला? उद्या वर्गात मान खाली घालून बसेल. अपमानाची गोष्ट नऊ वर्षांच्या पोरीला सांगायची असते का?" आणि आम्ही या दोघींच्या मध्ये.

लेकीच्या आईची भीती खोटी नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये राजस्थानातल्या जालोर जिल्ह्यात एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. शाळेतल्या पाण्याच्या माठाला हात लावला म्हणून शिक्षकाने मारले, असा आरोप त्याच्या कुटुंबाने केला. तो मुलगाही नऊ वर्षांचाच होता. ती बातमी आमच्या घरात सगळ्यांनी वाचली होती. माठ, पाणी, नऊ वर्षांचे लेकरू. हे सगळे असताना लेकीला काही सांगायचेच नाही, तर जग एक दिवस आपल्या पद्धतीने सांगणारच. ते जगाच्या तोंडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेले बरे, एवढ्यावर घरात एकमत झाले. प्रश्न उरला तो सुरुवात कुठून करायची याचा.

आपल्याकडे चूक होते ती इथे. आपण मुलांना इतिहास सांगायला बसतो आणि पहिलेच वाक्य उच्चारतो, "आपल्याला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते." लेकराच्या मनात आपली पहिली ओळख बसते ती वंचित म्हणून, दारात थांबवलेला माणूस म्हणून. त्यानंतर कितीही विजय सांगितले तरी ती पहिली ओळख पुसत नाही. म्हणून आम्ही ठरवले, सुरुवात आणखी मागून करायची. शनिवारी कान्हेरी, रविवारी महाड. सोबत आजी, हप्त्यावर घेतलेली लहान गाडी, भाकरी, चटणी, उकडलेली अंडी आणि पाण्याच्या चार बाटल्या.

बाळकुमहून कापूरबावडी, घोडबंदर रोड, काशिमीरा आणि मग बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान. येऊरचा डोंगर आम्हा ठाणेकरांना रोज खिडकीतून दिसतो. कान्हेरी त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे. पण आमच्या इमारतीत विचाराल तर येऊरच्या ढाब्यावर गेलेले शंभर भेटतील, कान्हेरीला गेलेला एखादाच. तिथे एक-दोन नव्हे, शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आसपास सुरू झालेला हा विहार पुढे जवळजवळ हजार वर्षे नांदता होता. भिक्खू इथे राहिले, शिकले, शिकवले.

लेक आधी मोठ्या चैत्यगृहातल्या खांबांकडे आणि दोन्ही बाजूंच्या उंच बुद्धमूर्तींकडे बघत राहिली. पण आम्हाला तिला दाखवायचे होते ते वेगळेच. कान्हेरीच्या बहुतेक लेण्यांच्या तोंडाशी खडकात खोदलेले पाण्याचे टाके असते. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी खडकातल्या बारीक पन्हळींतून या टाक्यांत आणून सोडलेले आहे. डोंगरावर नदी नाही, विहीर नाही. तरी शेकडो भिक्खूंना उन्हाळ्यातही पाणी पुरावे म्हणून केलेली ही योजना. या टाक्याला तिथल्या शिलालेखांतला शब्द आहे 'पोढी'.

आणि हे शिलालेख काय सांगतात? राजाने दिले, राणीने दिले, असे लेख आहेतच. पण व्यापाऱ्यांचे आहेत, भिक्खुणींचे आहेत, घरधनी आणि त्यांच्या बायकांचे आहेत. त्यांतला एक लेख कल्याणच्या सोनाराचा आहे. त्याचे नाव सामिदत्त. त्याने संघाला पाण्याची पोढी दिली. दुसरा लेख कल्याणच्याच लोहाराचा आहे. त्याचे नाव नंद. त्याने दिली वाट. डोंगरावर चढायची, चालायची वाट.

"कल्याण म्हणजे आपलं कल्याण? मामा राहतो ते?" लेकीने विचारले. होय, तेच कल्याण. उल्हास नदीच्या खाडीवरचे जुने बंदर. तीच खाडी पुढे आमच्या बाळकुमच्या अंगावरून, कशेळीच्या पुलाखालून वाहते. "मग तो लोहार इथे कसा आला?" आम्ही म्हणालो, कदाचित होडीने आला असेल, कदाचित डोंगर चढून. "आपल्या घरावरून गेला असेल का?" आजी हसली. म्हणाली, "तेव्हा आपलं घर कुठं होतं, बाय!" पण लेकीच्या मनात तो लोहार घर करून बसला, हे आम्हाला दिसत होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा लोहार आपला पूर्वज होता असे आम्ही लेकीला सांगितले नाही. तसा कोणताही पुरावा नाही आणि बुद्धाच्या वाटेने जाणाऱ्यांनी पुराव्याशिवाय बोलू नये. आम्ही एवढेच सांगितले, की बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला जो धम्म दिला, त्याच धम्माच्या संघासाठी या लोहाराने आपल्या घामाचा पैसा दिला. तो हातोडा चालवणारा होता. तरी त्याचे नाव दगडावर कोरले गेले, राजांच्या आणि सावकारांच्या नावांशेजारी. त्याच्या हाताचे दान संघाने घेतले. सोनाराच्या पोढीतले पाणी भिक्खू प्याले. कोणी विचारले नाही, हे पाणी कोणाच्या हातचे?

लेख प्राकृतात आहेत, लोकांच्या बोलीत. लिपी ब्राह्मी. ती लिपी वाचायचे ज्ञान पुढे लोपले आणि १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने तिचा उलगडा केला तोवर शेकडो वर्षे कोणालाच ही अक्षरे वाचता येत नव्हती. अक्षर वाचता येईनासे झाले की काय होते? ज्याने दिले त्याचे नाव पुसले जाते आणि भलत्याचेच नाव चिकटते. महाराष्ट्रात कितीतरी बौद्ध लेण्यांना लोक आजही 'पांडव लेणी' म्हणतात. पाच भावांनी एका रात्रीत कोरली म्हणे! कल्याणचा लोहार मात्र दगडावर आपले नाव घेऊन उभाच आहे. लेकीने मोबाईलवर त्या अक्षरांचे फोटो घेतले आणि परतीच्या वाटेवर ब्राह्मीतला 'क' शोधून काढला. तो अधिकच्या चिन्हासारखा असतो. "हा तर सोपा आहे," ती म्हणाली. त्या रात्री तिने वहीच्या पहिल्या पानावर आपले नाव ब्राह्मीत लिहायचा प्रयत्न केला.

रविवारी पहाटे पाचला निघालो. खारेगाव, मुंब्रा बायपास, शिळफाटा, पनवेल आणि पळस्प्यावरून मुंबई-गोवा महामार्ग. वर्षानुवर्षे काम चाललेला हा रस्ता. त्याबद्दल न बोललेले बरे. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव. माणगावच्या पुढे लोणेरे लागते. तिथे तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या पाटीवर लेकीने बाबासाहेबांचे नाव मोठ्याने वाचले. आजीने गाडीतूनच हात जोडले.

महाड यायच्या थोडे आधी, महामार्गालगतच्या डोंगरावर गांधारपाले लेणी दिसतात. रायगडाला जाणाऱ्या कितीतरी गाड्या रोज या डोंगराखालून जातात. चौथीच्या पुस्तकात शिवछत्रपती आहेत आणि मुलांना रायगड दाखवणारे आईबाप चांगलेच काम करतात. रायगड आपलाही आहे. पण त्या गाड्या गांधारपाल्याला थांबत नाहीत आणि चवदार तळ्यावरही थांबत नाहीत. आमची गाडी थांबली. आजीचे गुडघे दुखतात म्हणून ती खाली सावलीत बसली. आम्ही तिघे वर चढलो.

गांधारपाल्यालाही शिलालेख आहे. काणभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने लेणे दिले, चैत्यगृह दिले, भिक्खूंसाठी आठ खोल्या दिल्या. आणि पुढे लेखात काय म्हटले आहे? लेण्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोढ्या, आणि एक वाट. लेक टाळ्या पिटत म्हणाली, "म्हणजे इथेही पाणी आणि रस्ता! कान्हेरीसारखंच!" आम्ही तिला काही शिकवले नव्हते. दोन डोंगरांवरची एकच गोष्ट तिने स्वतः ओळखली. तिथे दिले ते सोनाराने आणि लोहाराने, इथे राजकुमाराने. दान मात्र एकच, प्यायला पाणी आणि चालायला वाट.

वरून खाली बघितले की गांधारी नदी दिसते आणि पलीकडे महाड शहर. डोंगरावरच्या पोढीपासून गावातले चवदार तळे जेमतेम दोन-तीन किलोमीटर. या दोन-तीन किलोमीटरमध्ये मधली हजार-दीड हजार वर्षे कशी गेली, हेच आम्हाला लेकीला सांगायचे होते. डोंगर उतरताना तिची आई आमच्याकडे बघून म्हणाली, "आता सांगा. आता ती ऐकेल."

चवदार तळ्यावर आम्ही मुद्दाम साध्या रविवारी गेलो. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला इथे भीमसागर लोटतो, आणि तो लोटलाच पाहिजे. पण लहान मुलाला गर्दीत माणसांच्या पाठी दिसतात, तळे दिसत नाही. साध्या दिवशी तळ्याच्या पायऱ्यांवर निवांत बसता येते. तिथे बसून आम्ही सांगितले ते असे.

मुंबई कायदे मंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने चालणारी सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागद तयार झाला. पण तळ्यावर जायची कोणाची छाती नव्हती. तळ्यावर गुरे पीत होती, परधर्माची माणसे पाणी भरत होती, आणि आपल्या माणसाने ओंजळ बुडवली तर तळे बाटणार होते!

मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण गावोगाव फिरले. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही स्पृश्य समाजातली माणसे बाबासाहेबांच्या बाजूने उभी राहिली. आणि परिषदेला आलेल्या हजारो माणसांना प्यायला पाणी? ते चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले! शेजारी भरलेले तळे, आणि पाणी विकत.

२० मार्चला बाबासाहेब पुढे आणि माणसे मागे, अशी रांग तळ्याकडे निघाली. शिस्तीत, घोषणा देत. बाबासाहेबांनी तळ्यातले पाणी ओंजळीत घेतले आणि प्याले. मागोमाग माणसे प्याली. ते पाणी काही अमृत नव्हते. बाबासाहेबांनीच पुढे सांगितले की हे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही. आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करायला आपण तळ्यावर जातो.

त्यानंतरचेही आम्ही लपवले नाही. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी अफवा उठवली गेली आणि परतणाऱ्या निःशस्त्र माणसांवर लाठ्या चालल्या. काहींना मुसलमान घरांनी आसरा दिला. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही. मग मंत्र म्हणत, शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले गेले. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली तेव्हा सभेला जागा मिळेना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. कोर्टाने तळ्यावर जायला मनाई केली, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी तिथे मनुस्मृती जाळली गेली. खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे!

लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग आजीकडे वळून म्हणाली, "आजी, तुला पण पाणी देत नव्हते?"

आमच्या आईने हे आम्हालाही कधी नीट सांगितले नव्हते. ती म्हणाली, "बाय, मी तुझ्याएवढी होते. आजोळी विहिरीपाशी हंडा ठेवून लांब बसायचं. कोणी दयावंत आली की वरून पाणी घालायची, कळशी आपल्या हंड्याला लागू न देता. अर्धं पाणी खाली सांडायचं. मला वाईट कशाचं वाटायचं? सांडलेल्या पाण्याचं. ते तसंच वाया जायचं, पण आम्हाला द्यायचं नाही." तेव्हा देशाला राज्यघटना मिळून काही वर्षे झाली होती. अस्पृश्यता कायद्याने संपली होती, आणि आमची आई विहिरीपाशी लांब बसली होती.

लेक रडली नाही. तिने विचारले, "मग त्यांना कान्हेरीचं माहीत नव्हतं का?"

हा प्रश्न आम्हाला सुचला नसता. नाही, माहीत नव्हते. त्यांनाही नाही आणि आपल्यालाही नाही. विहिरीवर बसलेल्याला वाटत होते की जग असेच चालत आले आहे, आणि विहिरीपासून लांब बसलेल्यालाही तेच वाटत होते. कल्याणच्या सोनाराची पोढी डोंगरावर भरत होती, पण तिच्यावरचे अक्षर कोणी वाचत नव्हते. 'हे सनातन आहे, अनादि आहे' असे जे सांगितले जाते, ते त्या एका पोढीने खोटे ठरते. भेद आधी नव्हताच असे कोणी म्हणणार नाही. भेद होता म्हणूनच बुद्धाला त्याविरुद्ध बोलावे लागले. पण भेद न मानणारी, कोणाच्याही हातचे पाणी घेणारी वाटही याच मातीत होती, आणि तिचा पुरावा दगडात आहे.

आई तळ्याच्या पायरीवर खाली वाकली. तिने ओंजळ भरली, लेकीच्या हातावर ते पाणी सोडले आणि म्हणाली, "सांडू नको." आम्ही दोघे दुसरीकडे बघत राहिलो.

अमेरिकेतही गोऱ्यांचा नळ वेगळा आणि काळ्यांचा नळ वेगळा असे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ते बेकायदा ठरले. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिसमधल्या ज्या लॉरेन मोटेलमध्ये हत्या झाली, तिथे १९९१ पासून नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. काळे आईबाप मुलांचा हात धरून तिथे जातात आणि गोरे आईबापही जातात. आपल्याकडे महाडला कोण जाते? आपणच. आणि आपल्यातलेही किती जण मुलांना घेऊन जातात, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

परतीच्या वाटेवर आम्ही लेकीला एक शेवटची गोष्ट सांगितली. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या संविधानातले पंधरावे कलम. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेद करता येणार नाही, असे ते सांगते. आणि मग एकेक नाव घेऊन सांगते, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहिरी आणि रस्त्यांची नावे का घालावी लागली, हे महाड पाहिल्याशिवाय कळत नाही. लेक म्हणाली, "पाणी आणि रस्ता! परत तेच!" नंद लोहाराची वाट आणि सामिदत्त सोनाराची पोढी तिने संविधानात शोधली होती. आम्हाला पुस्तकांच्या ढिगाऱ्यातून जे जमले नसते, ते दोन दिवसांच्या प्रवासात झाले.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. विमानाची तिकिटे लागत नाहीत. कान्हेरी एका दिवसाचे काम आहे; फक्त सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असते. महाडला पहाटे निघालात तर रात्री घरी येता. गाडी नसेल तर एसटी आहे. म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्या, कारण त्यांनी जे कधी सांगितले नाही ते तिथे सांगतील. क्रम मात्र चुकवू नका. आधी लेकराला दाखवा की या मातीत कष्टकऱ्याच्या हाताने पाणी दिले आणि ते सर्वांनी घेतले. मग सांगा की ते पाणी कसे अडवले गेले. आणि मग दाखवा, बाबासाहेबांनी ते कसे परत मिळवले. या क्रमाने ऐकलेले लेकरू मान खाली घालत नाही, हे आम्ही आमच्या घरात पाहिले.

सोमवारी लेक शाळेतून आली आणि थेट खाली खेळायला गेली. वर आली तेव्हा आम्ही धास्तावून विचारले, "काय झालं?" ती म्हणाली, "मी मैत्रिणीला लोहाराची गोष्ट सांगितली. तिलाही ती वाट बघायची आहे. पुढच्या रविवारी तिला नेऊ या का? आणि तिच्या आईलाही?"

नेणार आहोत. गाडीत जागा कमी आहे, पण आजी म्हणाली, ती मांडीवर घेईल.

जयभीम.